बंद पोकळीतलं पाणी

भूशास्त्राकडे मी आवडीनं वळले नाही. बारावीला मार्क बेताचे पडले होते. कोल्हापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या जागा भरून गेल्या होत्या, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनानं न विचारताच सांगितलं की भूशास्त्राला कोणी येत नाही, तिकडे नाव घाला. आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी उभे होते. ते बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर होते आणि माझ्या प्रवेशासाठी रजा काढून आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, हे भूशास्त्र म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, जमिनीचं शास्त्र. ते म्हणाले, "जमीन तर आपल्याला न्हाय. शास्त्र तेवढं घे."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्या बौद्धवाडीतून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी नव्हते, पण दगड शिकायला जाणारी पहिलीच. विभाग कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून होता. दोन खोल्या, एक अंधारा व्हरांडा आणि भिंतीला लावलेली कपाटं. कपाटात खडकांचे नमुने, त्यांच्यावर चिकटवलेले पिवळे पडलेले आकडे. वर्गात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे दुसरीकडे प्रवेश मिळाला की जाणारे.

पहिल्या तासाला सर एक काळा दगड घेऊन आले. तो त्यांनी माझ्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, याच्यात काय दिसतंय ते सांग, काय माहिती आहे ते सांगू नको. मला काही दिसेना. ते गेले पुढच्या बाकाकडे. तासभर त्यांनी कुणालाच काही शिकवलं नाही, फक्त बघायला लावलं. शेवटी मी म्हटलं, याला बारीक भोकं आहेत. ते म्हणाले, हां, आता पुढच्या तासाला भोकांबद्दल बोलू.

सरांचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. घरात गूळ आणि मिरचीचा व्यापार, घरची भाषा कानडी, गल्लीतली मराठी. भाऊ पेढीवर बसले आणि हे एकटे दगडांच्या मागे लागले. त्यांचा आवाज मोठा होता. व्हरांड्यात बोलले तर सायकल स्टँडवरचा माणूस वळून बघायचा. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव होतं ते वेगळ्या कारणानं. विहीर कुठे घ्यायची, बोअर कुठे मारायची, हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे, आणि सर स्कूटरवरून जाऊन शिवार फिरून सांगायचे.

ते राजारामपुरीत एका गल्लीत राहायचे. पदवीच्या शेवटच्या वर्षी काही नकाशे आणायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, पाणी दिलं आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. सर आतून म्हणाले, ताट वाढ, लेकरू बिद्रीवरनं आलंय. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जेवले. पुढच्या वेळी वहिनींनी भूक किती आहे एवढंच विचारलं, आणि नंतर कित्येक वर्षं तेच विचारत राहिल्या.

एम. एस्सी.ला मी पुण्याला गेले. तिथल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. आमच्याकडे मुलीसुद्धा "मी आलो, मी जातो" म्हणतात. मी तसं बोलले की कोणीतरी "आला का रे?" म्हणायची. दोन वर्षांत मी "आले, जाते" म्हणायला शिकले, खडकाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला शिकले, आणि कोल्हापूरला परत आले. कॉलेजनं मला तासिका तत्त्वावर घेतलं. सरांकडे पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय अगदी साधा होता: काळ्या पाषाणातल्या पोकळ्या आणि त्यांत वाढलेले स्फटिक.

त्याच सुमारास मंगळावरून पृथ्वीवर पडलेल्या एका दगडात जिवाच्या खुणा सापडल्याची बातमी आली. पेपरात सगळीकडे तेच होतं. इतर लोक चार दिवस बोलले आणि विसरले. सर विसरले नाहीत. त्यांनी कुठून कुठून निबंध मागवले, पुण्याच्या ग्रंथालयातून झेरॉक्स आणल्या. एके दिवशी मला बसवून म्हणाले की मंगळाचा दगड आपल्याला कोण देणार, पण मंगळावरही असाच काळा खडक आहे, लाव्हारसाचा. त्यात अशाच पोकळ्या असणार. वर प्यायला थेंब नाही, थंडी गोठवतेय, अशा ठिकाणी जीव टिकला तर तो दगडाच्या पोटातच टिकेल. मग आपल्या दगडाच्या पोटात कोण बसलंय ते आधी बघूया.

खगोलजीवशास्त्र हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. स्टाफरूममध्ये त्यांना "मंगळवाले सर" म्हणू लागले. त्यांना ते कळत होतं. वयाच्या पन्नाशीला आलेला माणूस नव्यानं जीवशास्त्राची पुस्तकं वाचत होता आणि जे कळत नव्हतं ते कुणालाही विचारत होता. मला ते दिवस आठवतात तेव्हा बरं वाटतं. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटे होत नाहीत.

शहराच्या दक्षिणेला दगडाच्या खाणी होत्या. सुरुंग उडवून फोडलेला दगड क्रशरला जायचा आणि त्याची खडी व्हायची. आम्ही उन्हाळाभर त्या खाणींत फिरलो. तिथे सरांना तो दगड मिळाला. नारळाएवढा, वरून काळा, एका बाजूला फुटलेला, आणि फुटलेल्या जागी आतल्या गारगोटीची पांढरी साल दिसत होती. सरांनी तो कानाशी धरून हलवला. मग माझ्या कानाशी धरला. आत पाणी होतं. अगदी थोडं, पण स्पष्ट ऐकू येत होतं.

बंद गारगोटीत पाणी सापडतं हे पुस्तकात होतं. पण सरांचं म्हणणं असं की ही पोकळी लाव्हा थंड झाल्यानंतर बंद झाली असेल, तर हे पाणीही तेवढंच जुनं. कोट्यवधी वर्षांचं. आणि त्यात काही जिवंत असेल तर?

दगड उघडायला आमच्याकडे होतं ते सामान जुनं होतं. भोक पाडायचं यंत्र, त्याचं टोक गार ठेवायला पाण्याचं पिंप आणि पिंपापासून यंत्रापर्यंत आलेली रबरी नळी. सरांनी जमेल तेवढी काळजी घेतली. दगड स्पिरिटनं पुसला, ज्योतीवर धरला. पिंपातलं पाणी उकळून घेतलं. यंत्राचं टोक, सिरिंजा आणि बश्या घरच्या प्रेशर कुकरात वाफवल्या. वहिनींनी तो कुकर परत स्वयंपाकघरात घेतला नाही. भोक पाडलं, आतलं पाणी सिरिंजनं ओढून घेतलं आणि जंतू वाढवायच्या काचेच्या बश्यांमध्ये सोडलं. मग वाट बघितली. काही आठवड्यांनी बशीवर बारीक गुलाबी ठिपके उगवले.

सर खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, कुणाला सांगू नको, परत करायचं. आम्ही त्याच दगडातल्या उरलेल्या पाण्यावर परत केलं. परत गुलाबी ठिपके आले. अजून एका दगडात तसंच पाणी मिळालं, त्यातही आले. त्यानंतर सरांनी निबंध लिहिला. दक्षिणेतल्या एका परिषदेत तो वाचला, एका नियतकालिकानं छापला. तिथून ते पेपरात गेलं. कोल्हापूरच्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीव, असा मथळा होता, आणि फोटोत सर दगड धरून उभे होते. मागे मी, अर्धी दिसणारी.

कॉलेजच्या फाटकावर अभिनंदनाचा फलक लागला. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात सांगितलं की आता जगाच्या नकाशावर आपलं नाव जाणार. विद्यापीठातून कोणी कोणी भेटायला आले. सरांना प्राध्यापकपदाची बढती मिळणार हे सगळे गृहीत धरून चालले होते. आबांनी तो पेपर कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवला. मागची ती अर्धी पोरगी माझी, असं बोट ठेवून सांगायचे.

पुढचं सगळं माझ्या हातून उघडकीस आलं.

ऐन मे महिन्यात पिंपाची रबरी नळी तापून उलली. मी ती बदलायला काढली. कापून बघितली तर आतल्या बाजूला गुलाबी बुळबुळीत थर होता. तसाच थर मी पुण्याच्या वसतिगृहातल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात, बादलीच्या बुडाला कितीदा पाहिला होता. पाणी आम्ही उकळत होतो. पिंपही धुतलं होतं. नळीच्या आत कुणी बघितलं नव्हतं.

सर गावाला गेले होते. मी थर खरवडून बशीवर घातला. तेच ठिपके आले, तोच रंग. मग ही आणि दगडातल्या पाण्याची, अशा दोन्ही बश्या घेऊन पुण्याला गेले. एम. एस्सी.च्या वेळेपासून ओळखीच्या एक सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाई होत्या, त्यांना दिल्या. त्यांनी तपासून सांगितलं की दोन्ही एकच आहेत, आणि हा जीव साध्या नळाच्या पाण्यात सापडतो. त्या वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पेपरात गुलाबी ठिपक्यांबद्दल वाचलं तेव्हाच तो रंग ओळखीचा वाटला होता.

परत येताना बसमध्ये मी एकच विचार करत होते, की हे कसं सांगायचं. माझी तीन वर्षं त्यात होती, पण त्याचं वाईट वाटायला नंतर वेळ मिळाला.

सर प्रयोगशाळेत होते. खिडकीपाशी उभे राहून चहा पीत होते. मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी कप बेसिनमध्ये ठेवला, हात धुतले. मग म्हणाले, "मला एकट्याला करून बघू दे."

पुढचे दीड-दोन महिने त्यांनी ते एकट्यानं केलं. नवी नळी, दरवेळी कुकरात वाफवलेली. नवा दगड. बशी कोरी राहिली. मग मुद्दाम जुन्या नळीचा तुकडा लावून केलं. गुलाबी ठिपके आले. मला बोलावलं आणि दोन्ही बश्या शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाले, "आपण नळीत ऱ्हाणारा जीव शोधला की गं." हसले नाहीत. मला वाटलं होतं ते चिडतील, माझ्यावर, नळीवर, कुणावर तरी. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं.

त्या पत्रात त्यांनी लिहिलं की ही चूक माझ्या विद्यार्थिनीनं शोधून काढली, आणि पुढे माझं पूर्ण नाव घातलं. मी म्हटलं, सर, माझं नाव नको. ते म्हणाले, "काम तू केलंस. तुझं नाव गाळलं तर ती माझी दुसरी चूक हुईल." त्यांनी ते चांगल्या मनानं केलं होतं यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं होतं, पण दार उघडं होतं. प्राचार्य रागावलेले नव्हते, समजावत होते. तपासणी समिती यायची आहे, ती येऊन जाऊ दे. अहवालात तुमच्या संशोधनाचं पान पहिलं आहे. नंतर सावकाश काय ते करा. विज्ञानात असं होतच असतं. शेवटी त्यांनी विचारलं, "अहो, तुम्हाला कुणी विचारलंय का?"

सर म्हणाले, "कुणी इचारलं न्हाय, म्हणूनच सांगायचं."

ते पत्र गेलं. नियतकालिकानं छापलं. मोठा मथळा देणाऱ्या पेपरानं आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली चार ओळी दिल्या. पण तेवढ्या चार ओळी गावभर वाचल्या गेल्या. फलक उतरवला गेला आणि उलटा करून त्याच्या पाठीवर संगणक विभागाच्या प्रवेशाची जाहिरात रंगवली गेली. समितीला विभाग दाखवलाच नाही. बढतीच्या मुलाखतीत सरांना दगडाबद्दल सोडून काही विचारलं नाही, आणि पद दुसऱ्याला मिळालं. बोअर विचारायला येणारे लोकही गमतीनं म्हणायचे, सर, पाणी खरंच हाय न्हवं, का नळीतलं? सर उत्तर द्यायचे, "बघूनच सांगतोय." हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. व्हरांड्यात बोलताना आता जवळ जाऊन ऐकावं लागायचं.

मी घरी गेले तेव्हा आबांना आधीच कळलं होतं. कारखान्याच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना विचारलं होतं, तुमच्या पोरीचा किडा मेला म्हणं. आबांनी आधी जेवण उरकलं. मग त्यांनी विचारलं, "ते खोटं हुतं व्हय?"

"खोटं नव्हतं. चुकलं होतं."

"आनि तू सांगितलंस?"

"हो."

"मग झालं," म्हणाले आणि उठले. पेपरचं ते पान त्यांनी भिंतीवर लावलं होतं. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होतं. काढा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

त्यानंतर मी कायम नोकरीसाठी मुलाखती देत राहिले. सोलापूर, सांगली, कोकण, जिथे जागा निघेल तिथे. दर ठिकाणी कोणीतरी कागद चाळून विचारायचं, गाईडलाच खोटं पाडणारी ती तूच का? मी सांगायचे की सरांनी स्वतःच ते छापलं. ते ऐकून लोक एकमेकांकडे बघायचे. एका ठिकाणी मुलाखत संपवून बाहेर आले, पर्स आत राहिली म्हणून परत वळले, तेव्हा आतला एकजण म्हणत होता की ह्यांना शिकवलं तरी उपकार राहत नाहीत. ह्यांना म्हणजे कुणाला, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी पर्स घेतली आणि सगळ्यांना नमस्कार करून निघाले.

हे मी सरांना कधी सांगितलं नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. एकदा ते अचानक म्हणाले, तुझं नाव घातलं ते तुला नडलं काय? मी म्हटलं, तसं काही नाही, आमच्या विषयाच्या जागाच निघत नाहीत. तेही खरंच होतं.

पीएच.डी.चा विषय बदलावा लागला. सरांनीच नवा सुचवला. ज्या पोकळ्यांना आपण बंद म्हणतो त्या खरोखर बंद असतात का, एवढंच तपासायचं. मी दगड रंगीत पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवायचे आणि मग कापून बघायचे. पहिल्या वर्षीच दिसायला लागलं की रंग आत जातो. केसापेक्षा बारीक भेगांतून, अगदी सावकाश, पण जातो. म्हणजे आतलं पाणी कोट्यवधी वर्षांचं नव्हतंच. ते पावसाचं पाणी होतं, मुरत मुरत आत गेलेलं. नळी स्वच्छ असती आणि आत खरोखर काही सापडलं असतं, तरी ते जुनं ठरलं नसतं.

मी कापलेला दगड त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, सर, यानं तुमचं उरलेलंही जातंय.

सरांनी चष्मा काढून दगड डोळ्यांजवळ नेला. निळी रेघ सालीतून आत उतरलेली स्पष्ट दिसत होती. "जाऊ दे," ते म्हणाले. "पर रेघ नीट मोज. घाईनं लिवू नको." आणि माझ्या प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण त्यांनी लाल पेननं तपासलं. स्वतःच्या कल्पनेविरुद्ध जिथे माझा पुरावा लंगडा होता तिथे त्यांनी तो भक्कम करायला लावला. असं काम करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

दरम्यान विभाग संपत आला होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाने येत होते आणि मुलांना तिकडे उपयोगी पडेल असं शिक्षण हवं होतं. एका जूनमध्ये भूशास्त्राला एकच अर्ज आला, त्यानंही नंतर तो काढून घेतला. विभाग बंद झाला. कपाटांतले नमुने पोत्यांत भरून सायकल स्टँडच्या मागे टाकले गेले. पुढे स्टँड मोठा करताना ते भरावात गेले. सरांना पर्यावरण हा सक्तीचा विषय शिकवायला दिला. वाणिज्यच्या भरगच्च वर्गात, शेवटच्या तासाला, मुलं दप्तरं भरत असताना ते ओझोनबद्दल सांगायचे. संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवायचे. घर चालवायला नव्हे. ते म्हणाले होते, तिथली पोरं निदान ऐकतात.

त्या क्लासमध्येच, फळ्यावर लिहिताना, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

मी दवाखान्यात गेले तेव्हा उजवी बाजू गेली होती. त्याहून वाईट म्हणजे मराठी गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, कधी कधी आईची भाषा तेवढी राहते. सर आता फक्त कानडी बोलत होते, तीही तुटक. मला कानडी येत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून मोजके शब्द ऐकले होते, ते सगळे दगड-मातीचे. वहिनी आमच्यामध्ये बसून सांगायच्या, आता म्हणतायत पंखा बंद कर, आता म्हणतायत कोण आलंय.

माझी पीएच.डी. त्यानंतर झाली. तोंडी परीक्षेला त्यांच्या जागी विद्यापीठानं दुसऱ्याला बसवलं. मी पेढे घेऊन घरी गेले. त्यांना खुर्चीत बसवलं होतं. मी प्रबंध त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हातानं त्यांनी पानं उलटली, दगडाच्या फोटोपाशी थांबले आणि म्हणाले, "नीरु." वहिनींनी सांगितलं, पाणी मागतायत. पेला आणला. त्यांनी तो ढकलून दिला. परत म्हणाले, "नीरु, नीरु," आता चिडून. वहिनींनी परत पेला पुढे केला. पाणी प्रबंधावर सांडलं. मी ते पदरानं टिपत राहिले. ते काय म्हणत होते ते मला कळलं असं मी म्हणू शकते, पण ते माझं म्हणणं होईल. आजारी माणसाला तहान लागली असेल आणि पेला नको त्या बाजूनं आला असेल, हेही तितकंच शक्य आहे.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. कॉलेजनं शोकसभा घेतली. प्राचार्य आता दुसरे होते. त्यांनी सरांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल सांगितलं, पर्यावरणावरच्या प्रेमाबद्दल सांगितलं. दगडाचा विषय कुणी काढला नाही, बहुधा चांगुलपणानंच. मी बोलू का विचारलं, तेव्हा वेळ संपल्याचं कळलं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सगळे चहाला गेले.

त्याच वर्षी मला नोकरी लागली. दूरच्या एका तालुक्याच्या गावी, कायम, विषय भूगोल. निघण्याआधी मी वहिनींना भेटायला गेले. त्यांनी जेवायला वाढलं. मी जेवत असताना त्यांनी विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "खरं सांग. त्या दगडात काय हुतं का न्हवतं?"

मी म्हटलं, पाणी आत जात होतं, वहिनी. पाण्याबरोबर काही ना काही गेलं असेल. जिवंत काहीतरी असेलही. पण जुनं नव्हे.

"असेल म्हणतेस?"

"असेल."

"मग तेवढं त्यांना कुणी सांगितलं असतं तर," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात भात वाढला. सरांना ते माहीत होतं. माझ्या शेवटच्या प्रकरणात तसं वाक्य होतं आणि त्याखाली त्यांची लाल रेघ होती, पुरावा नाही, काढून टाक. मी ते काढलं होतं. वहिनींना मी हे सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी सरांची खोली क्लासला येणाऱ्या मुलांना भाड्यानं दिली. दिवाळीत मी गेले तेव्हा दार उघडं होतं. आत दोघं-तिघं पोरं जमिनीवर पसरून प्रश्नपत्रिका सोडवत होती. त्यांतल्या एकानं वर बघून विचारलं, कोण पायजे? मी म्हटलं, कोणी नाही, आणि वहिनींना हाक मारली.